रेडिएशन-डी व्ही १.१ गायगर किट : मोजणी चोख, डोसचा आकडा मात्र कमवावा लागतो

हातावर मावेल एवढा बोर्ड, त्यावर दोन क्लिपांत बसवलेली गायगर नळी (किरणोत्साराचा कण आत शिरला की विजेचा स्पंद देणारी), बाजूला बझर आणि लहानसा दिवा. पाच व्होल्ट दिले की टिकटिक सुरू. बोर्डावर ‘रेडिएशन-डी व्ही १.१’ छापलेलं असतं आणि याच आराखड्याच्या नकला अनेक कारखान्यांतून येतात. तयार, प्रमाणित सर्व्हे मीटरच्या (परिसरातला किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राच्या) तुलनेत किंमत फारच कमी, त्यामुळे स्वतःचं डोसमीटर बांधायचं म्हणणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. सुरुवात म्हणून ती उत्तमच आहे. पण विक्रीच्या पानावर ‘डोस मोजा’ असं लिहिलेलं असतं, आणि हा बोर्ड डोस मोजत नाही. तो मोजणी करतो. मोजणीपासून डोसपर्यंतचा रस्ता बांधणाऱ्यालाच पार करायचा असतो, आणि या परीक्षणाचा बराचसा भाग त्या रस्त्याबद्दलच आहे.

शोषित डोस म्हणजे एक किलो पदार्थात किरणोत्साराने किती ऊर्जा सोडली. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. ही ऊर्जा थेट पकडायची तर आयनीकरण कक्ष लागतो. हवेत एक आयन-जोडी, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला धनभारित कण, तयार व्हायला सरासरी सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च होतात, त्यामुळे जमलेला विद्युतभार मोजला की ऊर्जा कळते. जुन्या नागरी संरक्षणातले क्वार्ट्झ तंतूचे पेन-डोसमीटर याच तत्त्वावर चालतात. गायगर नळीत तसं नसतं. ३० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन असो की १३०० चा, एकदा का नळीत ठिणगी पडली की निघणारा स्पंद सारख्याच उंचीचा. ऊर्जेची माहिती तिथेच पुसली जाते. पर्जन्यमापक न ठेवता पत्र्यावर पडणारे थेंब मोजून पाऊस किती मिलिमीटर झाला हे सांगण्यातला हा प्रकार आहे. थेंब साधारण सारखे असतील तर अंदाज बरा येतो, नसतील तर चुकतो.

आता बोर्ड. जोडणीसाठी तीन पिनांचा एक संच आहे : जमीन, पाच व्होल्ट आणि ‘व्हीआयएन’. या तिसऱ्या पिनेच्या नावाने नवख्यांची हमखास फसगत होते. नाव वाचून कोणीही तिथे वीज देईल, पण प्रत्यक्षात तिथून स्पंद बाहेर येतो. एरवी ही पिन वरच्या पातळीवर असते आणि नळीत घटना झाली की क्षणभर खाली येते. म्हणजे अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या डिजिटल दोन क्रमांकाच्या पिनेवर ती जोडायची आणि इंटरप्ट (स्पंद येताच चालू काम थांबवून तो टिपणारी सोय) ‘फॉलिंग’, म्हणजे खाली उतरणाऱ्या, कडेवर लावायचा. ईएसपी-३२ सारखा ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरणार असाल तर मध्ये लेव्हल शिफ्टर (व्होल्टची पातळी जुळवणारा भाग) घाला, कारण वरची पातळी पुरवठ्याएवढी, म्हणजे पाच व्होल्टपर्यंत जाऊ शकते.

किटसोबत बहुधा जे-३०५ ही काचेची नळी येते. ती दोन लांबींत मिळते, तेव्हा मागवताना बोर्डाच्या क्लिपांमधलं अंतर बघून घ्या. नळीच्या टोकांना कधीही सोल्डरचा डाग द्यायचा नाही. काच आणि धातूच्या सांध्याला उष्णता लागली की बारीक तडा जातो, आतला वायू निसटतो आणि नळी कायमची मुकी होते. क्लिप सैल वाटली तर ती पक्कडीने किंचित आवळा, पण नळी काढून ठेवून. ध्रुवता पाळा. काही नळ्यांवर अधिक चिन्ह नसतं, तेव्हा मधली बारीक तार ज्या टोकाला जोडलेली दिसते ते धन टोक समजायचं.

पहिलं मोजमाप उच्च दाबाचं, म्हणजे नळीला मिळणाऱ्या व्होल्टेजचं. बोर्डावर एक छोटं ट्रिमर (पेचकसाने फिरवून दाब बदलायचा रोधक) असतं आणि ते कारखान्यातून बरोबर लावूनच आलं असेल याची खात्री नसते. इथे साध्या मल्टिमीटरची टोकं थेट लावली की आकडा खोटा येतो. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम, म्हणजे ४०० व्होल्टला तो ४० मायक्रोअँपियर खेचू पाहतो. बोर्डाचा दाब-जनक इतका दुबळा असतो की तेवढ्या ओझ्याने दाब बसतो. मग माणूस ‘दाब कमी दिसतोय’ म्हणून ट्रिमर फिरवतो, मीटर काढल्यावर प्रत्यक्ष दाब भलताच वर गेलेला असतो आणि नळी अखंड ठिणग्या टाकू लागते. उपाय स्वस्त आहे. १०० मेगाओहमचे दहा रोधक एकापुढे एक जोडा, त्यांच्या शेवटी मल्टिमीटर लावा. एकूण १०१० मेगाओहमपैकी मीटरवर १० येतात, म्हणून वाचलेल्या आकड्याला १०१ ने गुणायचं. मीटरवर ३.९६ व्होल्ट दिसले तर नळीवर ४००. रोधकांची साखळी हातात धरू नका, बोटांचा घाम स्वतःच शंभरेक मेगाओहमचा समांतर रस्ता होतो. प्लास्टिकच्या नळकांडीत घालून टोकं बाहेर काढलीत तर ती कायमची कामाची वस्तू होते.

ट्रिमर फिरवायला प्लास्टिकचा पेचकस वापरा. जे-३०५ साठी विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ३८० व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो. पण कागदावरच्या आकड्यापेक्षा नळीचं स्वतःचं पठार, म्हणजे दाब बदलला तरी मोजणी फारशी न बदलणारा पल्ला, शोधलेलं चांगलं. त्यासाठी एक स्थिर स्रोत लागतो आणि तो आपल्याकडे गावोगावच्या कृषी सेवा केंद्रात मिळतो : म्युरेट ऑफ पोटॅश, शेतकऱ्यांच्या भाषेत एमओपी. ते मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड असतं आणि निसर्गातल्या सगळ्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हे समस्थानिक थोड्या प्रमाणात असतंच. एक किलो एमओपीत सेकंदाला साधारण १५,००० विघटनं होतात. परवाना लागत नाही, धोका नाही, आणि अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं असल्यामुळे स्रोत क्षीण होण्याचा प्रश्नच नाही. पाव किलो पातळ प्लास्टिक पिशवीत चपटं पसरा, नळी त्यावर नेमक्या जागी ठेवा आणि हलवू नका. मग दाब ३४० पासून २०-२० व्होल्टने ४६० पर्यंत वाढवत प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं मोजा. आधी मोजणी झपाट्याने चढते, मग बराच पल्ला ती जवळजवळ सपाट राहते. सपाट भागाच्या मध्यावर दाब ठेवायचा. सपाट भाग जेमतेम ४० व्होल्टांचा असेल, किंवा १०० व्होल्टांत मोजणी १०-१५ टक्क्यांहून जास्त चढत असेल, तर नळी सुमार आहे. ४६० च्या आधीच मोजणी उसळू लागली तर तिथेच थांबा, पुढे जाणं नळीच्या आयुष्याशी खेळणं आहे.

कंदिलाच्या जाळ्या, म्हणजे गॅसबत्तीचे मॅन्टल, अजूनही काहीजण स्रोत म्हणून सुचवतात. जुन्या मॅन्टलमध्ये थोरियम असतं, तेव्हा किट जोरात वाजतं हे खरं. पण मॅन्टलची भुकटी श्वासातून आत गेली तर ती तिथेच राहते. वापरायचंच असेल तर झिपच्या पिशवीतून बाहेर काढू नका आणि जाळलेला मॅन्टल तर हातातही घेऊ नका. एमओपीने काम भागतं.

जे-३०५ ची काच पारदर्शक असते, आणि उन्हातला अतिनील भाग आतल्या लेपावर पडला तर नुसत्या उजेडानेही स्पंद निघू शकतात. तपासायला सोपं आहे : खोलीत दहा मिनिटं मोजा, मग दुपारच्या उन्हात उघडा बोर्ड ठेवून दहा मिनिटं. फरक दिसला तर नळीवर काळा कागद गुंडाळा किंवा डबी अपारदर्शक घ्या. काळी श्रिंक नळी चढवून गरम हवेने आवळण्याचा मोह टाळावा, काचेला ते मानवत नाही.

शक्य असेल तर नळी बदलाच. सोव्हिएत काळातली एसबीएम-२० ही पोलादी नळी १०८ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर जाडीची असते, आणि लांब आवृत्तीच्या क्लिपांत बसते. तिचं माहितीपत्रक तपशीलवार आहे, आणि डोसमीटर बांधणाऱ्यासाठी तीच मोठी गोष्ट : कामाचा दाब ३५० ते ४७५ व्होल्ट, शिफारस ४००, धनाग्राचा रोध ५.१ मेगाओहम, ४०० व्होल्टला मृतकाळ (एका स्पंदानंतर नळी काहीच मोजू शकत नाही तेवढा वेळ) सुमारे १९० मायक्रोसेकंद. किटवरचा रोध किती आहे ते बघून घ्या. पाचच्या आसपास किंवा थोडा जास्त असेल तर चालतं, एखाद्या मेगाओहमचा असेल तर बदला. आणि हा रोध नळीच्या धन टोकाला अगदी चिकटून हवा. नळी लांब तारेवर बाहेर काढून ‘प्रोब’ करायची असेल तर रोधही नळीसोबत बाहेर न्या. नाहीतर तारेची धारकता प्रत्येक ठिणगीला जादा भार पुरवते, स्पंद लांबतो आणि नळी लवकर थकते.

आता मुख्य प्रश्न : मिनिटाला तीस टिकटिक म्हणजे डोस किती?

इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तीन गुणक हमखास सापडतात. कुठे सीपीएमला, म्हणजे मिनिटाला येणाऱ्या स्पंदांना, ०.००५७ ने गुणतात, कुठे ०.००८१२ ने, कुठे १५१ ने भागतात. तीस सीपीएमचे पहिल्याने ०.१७ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीरावरचा परिणाम धरून काढलेल्या डोसचं एकक) प्रति तास होतात, दुसऱ्याने ०.२४, तिसऱ्याने ०.२०. बोर्ड तोच, खोली तीच, आणि उत्तरात दीडपटीचा फरक. हे गुणक येतात कुठून ते एसबीएम-२० च्या बाबतीत उलगडून दाखवता येतं. माहितीपत्रक सांगतं की रेडियम-२२६ च्या गॅमा किरणांसाठी तासाला एक मिलिरॉन्टजेन (रॉन्टजेन हे हवेतल्या आयनीकरणाचं जुनं एकक) असताना सेकंदाला २९ स्पंद येतात. मिनिटाला १७४०. एक मिलिरॉन्टजेन म्हणजे ढोबळमानाने १० मायक्रोसिव्हर्ट धरले की एका मायक्रोसिव्हर्टला १७४ सीपीएम, म्हणजेच ०.००५७. पण तेच पत्रक कोबाल्ट-६० साठी २९ नाही, २२ स्पंद देतं. त्यावरून गुणक ०.००७६ येतो, म्हणजे तब्बल तिसऱ्या हिश्श्याने जास्त. दोन्ही आकडे बरोबर आहेत, ऊर्जा वेगळी आहे एवढंच. ज्या प्रोग्रॅममध्ये गुणकाशेजारी स्रोताचं नाव लिहिलेलं नाही, त्यावर विसंबू नये.

मायक्रोसिव्हर्ट की मायक्रोग्रे, हेही ठरवून घ्यावं लागतं. एक मिलिरॉन्टजेन म्हणजे हवेत ८.७६ मायक्रोग्रे शोषित डोस. त्याच क्षेत्रासाठी सर्व्हे मीटरवर दाखवायची राशी, म्हणजे शरीरात १० मिलिमीटर खोलीवर आधारलेला सभोवतालचा समतुल्य डोस, सीझियम-१३७ च्या ऊर्जेला हवेतल्या आकड्याच्या १.२ पट असते. म्हणजे सुमारे १०.५ मायक्रोसिव्हर्ट. ‘एक मिलिरॉन्टजेन बरोबर दहा’ हे सूत्र त्यामुळे सिव्हर्टसाठी बऱ्यापैकी खरं ठरतं, पण पडद्यावर ग्रे लिहायचं असेल तर तेच सूत्र १४ टक्के जास्त दाखवेल. शोषित डोसचं यंत्र बांधतोय म्हणणाऱ्याने ८.७६ वापरावं.

एमओपीच्या पिशवीवर किट ठेवलं की पडद्यावरचा डोस दुप्पट-तिप्पट झालेला दिसतो आणि लोक दचकतात. तिथे गॅमाचा गुणक बीटाला, म्हणजे अणूतून सुटणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनला, लागलेला असतो. पोटॅशियम-४० च्या शंभर विघटनांपैकी ८९ मध्ये बीटा कण निघतो, जास्तीत जास्त १.३ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा. गॅमा फक्त ११ मध्ये. नळीची भिंत पातळ असल्याने बीटा आत शिरतो, आणि शिरलेला जवळजवळ प्रत्येक बीटा मोजला जातो. गॅमाच्या बाबतीत मात्र शंभरात एखादाच पकडला जातो. म्हणून मोजणी फुगते, डोस नाही. नळी आणि पिशवीच्या मध्ये ५ मिलिमीटर ॲक्रिलिक किंवा २ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा सरकवा, मोजणी खोलीच्या नेहमीच्या आकड्याजवळ येते. गॅमा डोस मोजायचं यंत्र असेल तर हा पत्रा डबीच्या आत कायमचा बसवावा लागतो. बीटाही हुडकायचा असेल तर सरकतं झाकण करा, आणि झाकण उघडं असताना पडद्यावर सिव्हर्ट दाखवूच नका, फक्त सीपीएम दाखवा. प्रोग्रॅममध्ये एका स्विचचं काम आहे, पण किटसोबत फिरणाऱ्या एकाही प्रोग्रॅममध्ये ते आढळत नाही.

ऊर्जेची दुसरी अडचण खालच्या टोकाला. साधारण ६० ते १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात उघडी गायगर नळी डोसच्या मानाने काही पट जास्त वाजते. व्यावसायिक यंत्रांत नळीभोवती कथील आणि शिशाचं पातळ आवरण असतं, मध्ये मुद्दाम फटी सोडलेल्या. आवरण खालच्या ऊर्जेला अडवतं, फटी अगदी खालच्या ऊर्जेला थोडी वाट देतात, आणि प्रतिसाद बऱ्यापैकी सपाट होतो. घरी एक मिलिमीटर कथलाचा पत्रा गुंडाळून हा परिणाम काही प्रमाणात साधतो, पण फटी किती सोडायच्या हे प्रमाणित स्रोतांशिवाय ठरवता येत नाही. आपल्याकडच्या रुग्णालयांत आणि कारखान्यांत कर्मचारी छातीला लावतात तो टीएलडी बिल्ला (साठलेला डोस तापवल्यावर प्रकाशाच्या रूपात देणारा) याच प्रश्नाचं उत्तर वेगळ्या वाटेने देतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या त्या बिल्ल्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात : एक धातूच्या गाळणीखाली, एक प्लास्टिकखाली, एक उघडी. तिघींच्या वाचनातल्या फरकावरून किरणांचा प्रकार आणि ऊर्जा ओळखली जाते आणि मग डोस काढतात. एकाच नळीच्या किटकडे तुलनेला दुसरी चकती नाही. हे समजून घेतलं की किटकडून अवास्तव अपेक्षा राहत नाहीत.

याच कारणाने एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते : दातांच्या किंवा हाडांच्या दवाखान्यातली एक्स-रे खोली सुरक्षित आहे का, हे या किटने तपासू नका. तिथली ऊर्जा नेमकी त्या वेड्यावाकड्या पट्ट्यातली, आणि किरणांचा मारा सेकंदाच्या लहानशा भागापुरता. तेवढ्या वेळात नळी मृतकाळात अडकते, हजारो फोटॉन न मोजता निघून जातात. उत्तर खूप जास्त येईल की खूप कमी, तेही सांगता येत नाही. खोटा दिलासा खोट्या भीतीहून वाईट. त्या कामासाठी मान्यताप्राप्त संस्था आणि आयनीकरण कक्षाचं मीटर लागतं.

पार्श्वभूमीच्या, म्हणजे आसपास नेहमीच असणाऱ्या किरणोत्साराच्या, पातळीवर वेगळाच घोटाळा असतो. प्रत्येक नळी काहीही नसताना थोडी वाजतेच : भिंतीतल्या धातूतली, काचेतली अशुद्धी. समजा तीस सीपीएमपैकी दहा-बारा नळीचे स्वतःचे असतील, तर ०.१७ हा आकडा खरं तर ०.१० च्या आसपास असतो. जगाची सरासरी बघितली तर जमीन आणि अवकाशातून बाहेरून मिळणारा डोस वर्षाला ०.९ मिलिसिव्हर्टच्या जवळपास, म्हणजे तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्ट. सह्याद्री आणि देशावरचा काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब आहे. त्यामुळे पुणे-सातारा-नाशिक भागात जमिनीचा वाटा आणखी कमी आणि नळीच्या स्वतःच्या आवाजाचा हिस्सा तुलनेने मोठा. दक्षिणेकडून आलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर किट ठेवलं की थोडी वाढ दिसते ती त्यामुळेच.

नळीचा स्वतःचा आवाज वेगळा काढायला प्रयोगशाळेत पाच सेंटिमीटर जाडीच्या शिशाच्या विटा रचतात. घरगुती बांधणीला दुसरी वाट आहे आणि भूभौतिकीवाले ती वापरतात : मोठ्या, खोल, गोड्या पाण्याच्या जलाशयाच्या मध्यभागी जायचं. दोन-तीन मीटर पाणी खालच्या जमिनीतला गॅमा जवळजवळ संपवतं, आणि काठ काही शे मीटर दूर असला की बाजूचाही. उरतं ते अवकाशातून येणारं आणि नळीचं स्वतःचं. कोयनेच्या शिवसागरात तापोळा-बामणोलीकडून बोटी सुटतात, पात्र रुंद आहे, काम होतं. बोट लाकडी किंवा फायबरची असावी, किट तळाला न ठेवता मांडीवर धरावं, आणि किमान अर्धा तास मोजावं. मिनिटाला १५ आले तर अर्ध्या तासात ४५० स्पंद, अनिश्चितता पाच टक्के. तो आकडा जमिनीवरच्या मोजणीतून वजा केला की जमिनीचा शुद्ध गॅमा मिळतो. एकूण डोस हवा असेल तर त्यात अवकाशाचा वाटा, समुद्रसपाटीला तासाला ०.०३ मायक्रोसिव्हर्ट आणि घाटमाथ्यावर किंचित जास्त, परत मिळवायचा.

पाच टक्के कुठून आले तेही सांगायला हवं, कारण किटबद्दलच्या तक्रारींतली सगळ्यात मोठी तक्रार इथेच विरघळते. मोजलेल्या स्पंदांच्या वर्गमूळाएवढी अनिश्चितता असतेच. ३० ची अनिश्चितता साडेपाच. म्हणजे एकाच जागी, काहीही न बदलता, मिनिटामिनिटाला आकडा २० ते ४० च्या मध्ये हिंडणं हे निरोगी नळीचं लक्षण आहे. ‘कधी २२ दाखवतं, कधी ३८, माल खराब’ हा अभिप्राय बोर्डावर अन्याय करतो. दहा टक्क्यांत उत्तर हवं तर १०० स्पंद, पाच टक्क्यांत हवं तर ४००, एक टक्क्यात हवं तर १०,०००. शेवटचं म्हणजे तीस सीपीएमला साडेपाच तास.

प्रोग्रॅम लिहिताना इंटरप्टमध्ये फक्त मोजणीत एक मिळवा, बाकी काहीही नको. सेकंदासेकंदाची मोजणी ६० घरांच्या फिरत्या रांगेत ठेवा, तिच्याजोडीला दहा मिनिटांची संथ सरासरीही दाखवा. मुख्य मोजणीची प्रत घेताना क्षणभर इंटरप्ट बंद करायला विसरू नका, नाहीतर चार बाइटचा आकडा अर्धा जुना अर्धा नवा वाचला जातो आणि महिन्यातून एकदा डोस अचानक उडी मारतो. साठलेला डोस काढताना पडद्यावरच्या दरांची बेरीज करू नये. एकूण स्पंद साठवावेत आणि गुणक शेवटी एकदाच लावावा, म्हणजे गुणक पुढे सुधारला तरी जुनी नोंद वाया जात नाही. उनोची कायमची स्मृती एका घराला एक लाख वेळा लिहिण्यापुरती टिकते. दर दहा मिनिटांनी एकाच जागी लिहिलं तर दोन वर्षांच्या आतच ती मर्यादा येते, तेव्हा लिहिण्याची जागा फिरती ठेवा.

मृतकाळाची दुरुस्तीही घाला : खरी मोजणी म्हणजे पाहिलेली मोजणी भागिले, एकातून पाहिलेली मोजणी गुणिले मृतकाळ वजा. १९० मायक्रोसेकंद धरले तर सेकंदाला ५०० स्पंदांचे ५५२ होतात. पार्श्वभूमीला याचा काहीच फरक पडत नाही, पण खरोखर तीव्र क्षेत्रात गायगर नळी गुदमरते आणि मोजणी उलट घटू लागते. यंत्राने अशा वेळी लहान आकडा दाखवणं सगळ्यात घातक. म्हणून सेकंदाला हजार-बाराशेच्या वर गेलं की आकडा काढून टाकून ‘मर्यादेबाहेर’ अशी अक्षरं दाखवा, आणि ती हाताने बटण दाबेपर्यंत जाऊ देऊ नका.

विजेबाबत दोन इशारे. मोबाइलचा पॉवर बँक या कामाला बहुधा टिकत नाही. किट आणि अर्डुइनो मिळून जेमतेम ८० मिलिअँपियर घेतात, आणि बरेच पॉवर बँक एवढ्याशा ओढीला ‘काही जोडलेलंच नाही’ समजून काही सेकंदांत बंद होतात. त्यापेक्षा एक १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) आणि पाच व्होल्टचा बूस्ट मोड्यूल (व्होल्ट वाढवून देणारा) घ्या. २६०० मिलिअँपियर-तासांचा सेल साधारण वीस तास जातो. पण स्वस्त बूस्ट मोड्यूलच्या लहरी बोर्डावर शिरल्या की खोटे स्पंद येतात, म्हणून बोर्डाच्या वीज-टोकांवरच १०० मायक्रोफॅरडचा धारक (कपॅसिटर) आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा लावा. भिंतीतल्या चार्जरवर तर गंभीर मोजमाप करूच नये. शेजारी मोबाइल ठेवून कॉल लावून बघा. टिकटिक वाढली तर ती किरणांची नाही, नळीच्या उच्च रोधाच्या भागात शिरलेल्या रेडिओ लहरींची आहे. फोन अर्धा मीटर लांब ठेवायची सवय लावा.

कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात हे किट सर्वाधिक दगा देतं. उच्च दाबाच्या भागात सोल्डरच्या डागाचा चिकट फ्लक्स राहिलेला असतो, त्यावर दमट हवा बसली की मेगाओहमच्या रोधांना समांतर गळती सुरू होते. दाब उतरतो, किंवा सूक्ष्म ठिणग्यांनी मोजणी भरकटते. बोर्ड हाती आल्याबरोबर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दात-ब्रशने दोन्ही बाजू घासा, उन्हात नीट वाळवा, मग क्लिपा चिकटपट्टीने झाकून उच्च दाबाच्या भागावर कॉन्फॉर्मल वार्निशचे दोन पातळ हात द्या. डबी एबीएस प्लास्टिकची, झाकणाला रबरी कडा, आत सिलिका जेलची पुडी. काम करताना बंद केल्यावरही धारकांत भार राहतो. धक्का जीवघेणा नसला तरी हात झटकला जाऊन काचेची नळी फुटते. एक मेगाओहमच्या रोधाने तो भार आधी उतरवा.

एवढं सगळं केल्यावरही अंशशोधन, म्हणजे ज्ञात डोसशी यंत्राचा आकडा जुळवणं, उरतंच. त्याचा खरा मार्ग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून, ज्ञात सीझियम-१३७ क्षेत्रात, किमान तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर जातो. तिथे पोचणं शक्य नसेल तर नुकतंच अंशशोधन झालेल्या सर्व्हे मीटरशेजारी, एकाच जागी, एकाच उंचीवर, तासभर समांतर मोजणी करून गुणक काढा आणि तो कोणत्या मीटरशी, कोणत्या तारखेला जुळवला ते डबीवर चिकटवा. असं बांधलेलं यंत्र सीझियमच्या आसपासच्या ऊर्जेला वीस-पंचवीस टक्क्यांत उत्तर देऊ शकतं. किरणोत्सारी क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे आणि सामान्य नागरिकासाठी एक मिलिसिव्हर्टची. त्या मर्यादांशी तुलना करून निर्णय घ्यायला हे यंत्र वापरू नये, तिथे बिल्लाच हवा.

कोणी घ्यावं? भौतिकशास्त्राचा शिक्षक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पाषाण आणि वाळूचा अभ्यास करणारे हौशी लोक, यांनी जरूर. एका बोर्डावर स्पंद-गणना, सांख्यिकी, उच्च दाब आणि अंशशोधन असं सगळं शिकवणारं साधन या किमतीला दुसरं नाही. मागवताना किटसोबत एसबीएम-२०, १०० मेगाओहमचे दहा रोधक, पाच मिलिमीटर ॲक्रिलिकचा तुकडा, सिलिका जेल आणि कृषी केंद्रातून एक किलो एमओपी एकदमच घ्या, म्हणजे पहिल्याच दिवशी दाब तपासून पठार काढता येईल.